बी-सी बॉक्स : एनिसच्या वर्गातल्या प्रकल्प नोंदी

१० सप्टेंबर २०२४

प्रकल्प आजपासून सुरू. उद्दिष्ट असं: पुढच्या उन्हाळ्यापर्यंत आयरिश पारंपरिक चालींचा एक संच, म्हणजे सलग तीन चाली, बटण अ‍ॅकॉर्डियनवर वाजवता यायला हव्यात. समोर कागद नको आणि लय अशी हवी की नाचणाऱ्याला पाय टाकता यावा.

जागा एनिस, काउंटी क्लेअर, आयर्लंड. कोल्तस क्योल्तोरी एरन ही आयरिश संगीतकारांची संघटना १९५१ साली मलिंगार इथे उभी राहिली. तिच्या शाखा गावोगाव आहेत आणि वर्ग बहुतेक शाळेच्या नाहीतर गावच्या सभागृहाच्या खोल्यांत भरतात. आमचा वर्ग मंगळवारी संध्याकाळी असतो. एका खोलीत फिडल, शेजारच्या खोलीत टिन व्हिसल आणि टोकाच्या खोलीत आम्ही ‘बॉक्स’वाले. इथे अ‍ॅकॉर्डियनला सगळे बॉक्सच म्हणतात. आठ-नऊ वर्षांची मुलं आणि निवृत्त शेतकरी एकाच रांगेत बसतात, धडाही सगळ्यांना एकच.

माझी तयारी म्हणजे पेटी. गावच्या भजनी मंडळात साथ करत मोठा झालो आणि इथेही गणपतीत आरतीला पेटी माझ्याकडेच असते. त्यामुळे भाता, सूर, पट्टी या गोष्टी हाताला ठाऊक आहेत. त्यातलं इथे काय उपयोगी पडतं आणि काय नव्याने घडवावं लागतं, ते लिहून ठेवणं हा या नोंदींचा मुख्य हेतू आहे. आयर्लंडमध्ये पेटी वाजवणारी मराठी घरं बरीच आहेत. त्यांतल्या कुणाला हा बॉक्स हातात घ्यावासा वाटला, तर सुरुवात सोपी व्हावी.

वाद्य शाखेकडून भाड्याने मिळालं. उजव्या हाताला दोन रांगांत तेवीस बटणं, डाव्या हाताला आठ बास, म्हणजे साथीच्या खालच्या सुरांची बटणं, आणि डाव्या अंगठ्याखाली हवेचं बटण.

१७ सप्टेंबर

आज फक्त रचना समजून घेतली.

पेटीत भाता कसाही हलवा, पांढरी दोन (दुसऱ्या पांढऱ्या पट्टीचा सूर) ही पांढरी दोनच राहते. इथे तसं नाही. प्रत्येक बटणाला दोन सूर असतात. भाता दाबला की एक, ओढला की दुसरा. बाहेरची रांग बी पट्टीची, आतली सी पट्टीची. दोहोंत अर्ध्या सुराचं अंतर, म्हणूनच या वाद्याला बी-सी म्हणतात. दोन्ही रांगा मिळून बाराही सूर मिळतात, पण कोणता सूर कोणत्या दिशेला मिळणार ते वाद्याने ठरवलेलं आहे.

यापुढे नोंदींत दोनच शब्द वापरणार: दाब आणि ओढ.

इथल्या बहुतेक चाली डी किंवा जी मध्ये असतात, म्हणजे पांढरी दोन आणि पांढरी पाच. डी ला षड्ज मानलं तर सप्तक असं पडतं:

सा ओढ. रे, ग, म दाब. प, ध, नि, सां ओढ.

यातला ग (एफ शार्प) आणि नि (सी शार्प) बाहेरच्या रांगेतून घ्यायचे, बाकी सगळं आतल्या रांगेत. संपूर्ण सप्तकात भात्याची दिशा फक्त दोनदा बदलते. बी-सी पद्धतीचं वळण इथेच ठरतं: सूर एकात एक मिसळत वाहतात. याच्या शेजारी सी शार्प-डी नावाची दुसरी पद्धत आहे. तिच्यात डी ची पूर्ण पट्टी एकाच रांगेवर बसते आणि जवळजवळ प्रत्येक सुराला दिशा बदलते. त्यामुळे तिथे वादन ठसक्याचं होतं.

घरी करायचं: हेच सप्तक, डोळे मिटून, हळू.

२४ सप्टेंबर

शिकवण्याची रीत मला ओळखीची वाटली. बाई दोन मापांचा तुकडा वाजवतात आणि आम्ही तो परत वाजवतो. पुन्हा त्या, पुन्हा आम्ही. चार तुकडे जमले की भाग पूर्ण. तासाच्या शेवटी बाई सगळी चाल एकदा संथ आणि एकदा चालू लयीत वाजवतात आणि सगळे ती फोनवर ध्वनिमुद्रित करून घेतात. कुणाला हवं असेल तर सुरांची अक्षरं आणि दिशेच्या खुणा लिहिलेला कागद मिळतो, पण तो घरी पाहायचा असतो. वर्गात कान.

चालींचा साचा पक्का असतो. आठ मापांचा पहिला भाग दोनदा, मग आठ मापांचा दुसरा भाग दोनदा. बत्तीस मापं झाली की एक आवर्तन. एक चाल दोन-तीन आवर्तनं वाजवायची आणि न थांबता पुढच्या चालीत शिरायचं. ही कल्पना भजनात वाढलेल्याला समजावून सांगावी लागत नाही.

चालींच्या प्रकारांच्या ठेक्यांबद्दल माझी स्वतःची टीप: जिग सहाच्या मापाची, तीन-तीन, म्हणजे दादऱ्याच्या जवळची. रील चारच्या मापाची, आठ जलद सुरांची, केरव्याच्या बाजूची. पोल्का दोनची. हॉर्नपाइप चारचीच पण डोलत चालणारी. ही जुळणी फक्त मोजायला उपयोगी आहे. वजन कुठे पडतं ते वेगळंच आहे, आणि ते ऐकूनच घ्यायला हवं.

८ ऑक्टोबर

पहिली चाल पोल्का. कॉर्क आणि केरीच्या सीमेवरचा स्लीव लूख्रा हा भाग पोल्का आणि स्लाइड (जिगच्या जवळचा प्रकार) यांचं माहेर मानला जातो. सूर थोडे, उड्या कमी, त्यामुळे सुरुवातीला योग्य.

आज डाव्या हाताबद्दल विचारलं. बाईंनी सांगितलं की वर्षभर बासना हात लावायचा नाही. कारण साधं आहे. बासही भात्याच्या दिशेबरोबर बदलतात आणि उजव्या हाताची चाल ज्या दिशेला असेल त्या दिशेला हवा तो बास मिळेलच असं नाही. अनेक चांगले बी-सी वादक बास अगदी जपून वापरतात. डाव्या हाताचं खरं काम भाता आहे आणि अंगठ्याचं काम हवा.

हवेचं बटण पेटीवाल्याला नवीन. ओढ जास्त झाली की भाता पूर्ण उघडतो आणि पुढे सूर निघायला जागाच राहत नाही. मग सूर चालू असतानाच अंगठ्याने किंचित हवा सोडून भाता मिटवून घ्यायचा. ऐकणाऱ्याला कळता कामा नये.

२२ ऑक्टोबर

आज वर्गाला सुट्टी होती, म्हणून वाचलेलं आणि ऐकलेलं लिहून ठेवतो.

अ‍ॅकॉर्डियनचं पेटंट व्हिएन्नाच्या सिरिल डेमियनने १८२९ साली घेतलं. हार्मोनियमचं पेटंट पॅरिसच्या अलेक्झांद्र देबँने १८४२ साली. दोन्हींचं तत्त्व एकच: धातूची पत्ती एका टोकाला घट्ट बसवलेली, दुसरं टोक मोकळं, हवेच्या झोताने ती थरथरते. पायपेटीची हातपेटी झाली ती कोलकात्यात, द्वारकानाथ घोष यांच्या कारखान्यात, १८७५ च्या सुमारास. इकडे इटलीत कास्तेलफिदार्दोला पाओलो सोप्रानीने १८६३ मध्ये अ‍ॅकॉर्डियन बनवायला घेतले. त्याच नावाचे लाल बॉक्स आजही आयर्लंडमध्ये जिवापाड जपले जातात.

दोन्ही वाद्यं बाहेरून आली आणि दोन्हींना दरवाजात अडवलं गेलं. ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये हार्मोनियमला बंदी केली, ती १९७१ मध्ये सैल झाली. आयर्लंडमध्ये शॉन ओ रियाडा या मोठ्या संगीतकाराने १९६२ च्या रेडिओ मालिकेत अ‍ॅकॉर्डियनवर कडक टीका केली होती. पारंपरिक संगीताच्या बारकाव्याला हे वाद्य शोभत नाही, असा त्यांचा सूर होता. एनिसचेच टोनी मॅकमाहन स्वतः या वाद्याचे थोर वादक, पण त्यांनाही त्याच्याबद्दल शंका होत्या. त्यांनी संथ, बेठेक्याच्या चाली ज्या रीतीने वाजवल्या, ते ऐकल्यावर मला वाटतं की त्या शंकेनेच त्यांचा हात घडवला. वाद्यावर आंधळा विश्वास नसलेला माणूस प्रत्येक सुराचा हिशेब मागतो.

मग बॉक्स इथे रुजला कसा? त्याचं एक कारण सरकारी आहे. १९३५ च्या सार्वजनिक नृत्यगृह कायद्याने नाचाच्या कार्यक्रमांना परवाना लागू लागला. घराघरांतल्या नाचांवर दडपण आलं आणि नाच सभागृहांत गेला. मोठ्या जागेत, ध्वनिवर्धक नसताना, बासरी-फिडल कमी पडायची. केली म्हणजे सामूहिक नाचाचा कार्यक्रम. त्याला साथ करणाऱ्या केली बँडना मोठ्या आवाजाची गरज होती आणि बॉक्सचा आवाज मोठा होता. क्लेअरचा टल्ला केली बँड १९४६ चा. त्यात गॅल्वेच्या पीटर्सवेलचा जो कूली वाजवत असे. कूलीचं वादन दाब-ओढीच्या ठसक्याचं. तर टिपररीतल्या नेनाहजवळचे पॅडी ओब्रायन यांनी १९५० च्या दशकात बी-सी बॉक्सवर नवी, अलंकारांनी भरलेली शैली रुजवली. पुढच्या पिढीत गॅल्वेचे जो बर्क यांनी ती आणखी फुलवली. आम्ही वर्गात जे शिकतो ती याच वाटेवरची पावलं आहेत.

१२ नोव्हेंबर

आता खरा मुद्दा आला. पूर्ण लिहून ठेवतो.

केश जिग घेतली. चाल जी मध्ये, म्हणजे षड्ज पांढरी पाच. पहिला भाग कानावर पडताच मनात भूप उमटला: सा सा सारेग, रे रे रेगप, धपप सांपप, धपग पगरे. सुरुवातीच्या मापांत मध्यम नाही, निषाद नाही. निषाद भागाच्या शेवटी डोकावतो. पेटीवर ही चाल मी ऐकता ऐकता काढली. बॉक्सवर मात्र दुसऱ्याच मापाला हवा संपली.

कारण शोधलं. दुसरं माप, ए-ए-ए ए-बी-डी, सगळं ओढ. तिसऱ्याची सुरुवात ई-डी-डी. डी फक्त ओढीत मिळतो. ई मात्र दोन ठिकाणी आहे: आतल्या रांगेत दाबाला आणि बाहेरच्या रांगेत ओढीला. बोटांना सोयीचा म्हणून ई बाहेरून, ओढीत घेतला, की सगळा तुकडा एका दमात गुळगुळीत वाहतो. पण चौथं माप, ई-डी-बी डी-बी-ए, तेही त्याच रीतीने ओढीतच जातं. मधल्या एका जी खेरीज दाब कुठेच येत नाही. भाता उघडत जातो, परत मिटायला संधी नाही.

उलट ई आतून, दाबात घेतला तर दोन गोष्टी होतात. थोडी हवा परत मिळते, आणि दिशा बदलल्यामुळे त्या सुराला आपोआप धक्का बसतो. तो धक्का बरोबर मापाच्या पहिल्या ठोक्यावर पडतो आणि जिग उचलली जाते. इथे याला ‘लिफ्ट’ म्हणतात. बाईंनी दोन्ही प्रकार शेजारी शेजारी वाजवून दाखवले. सूर तेच, बोटं जवळजवळ तीच, पण एक चाल बसून होती आणि दुसरी उभी राहिली.

असे दोन्हीकडे मिळणारे सूर दोनच: ई आणि बी. बाकी सगळ्यांची दिशा ठरलेली. म्हणजे या वाद्यावर वादकाचं स्वातंत्र्य या दोन सुरांत साठलेलं आहे. कुठे श्वास घ्यायचा, कुठे वाक्य तोडायचं, कुठे ठोका उचलायचा, हे सगळं तिथे ठरतं. पेटीत माझा डावा हात फक्त हवा पुरवत होता. इथे डावा हात वाक्यरचना करतो.

निर्णय: यापुढे प्रत्येक चाल शिकताना आधी तिच्यातले सगळे ई आणि बी शोधायचे, दिशा ठरवायची, आणि मगच लय वाढवायची.

३ डिसेंबर

केश स्थिर झाली. ई ची दिशा तुकड्यागणिक लिहून ठेवली होती. आता कागद लागत नाही.

एक उपयोगी सराव बाईंनी दिला: बटणं न दाबता, फक्त हवेच्या बटणावर, चालीच्या दिशा भात्याने ‘वाजवायच्या’. नुसता वाऱ्याचा आवाज येतो, पण चालीचा ठेका त्यात ओळखू येतो. वर्गातल्या एका छोट्या मुलीने नुसत्या वाऱ्यावरून चाल बरोबर ओळखली.

२८ डिसेंबर

सुट्टीत एका बटणाच्या दाबाच्या सुरात घरघर आली. शाखेची परवानगी घेऊन, गावातल्या दुरुस्ती करणाऱ्या काकांसमोर बसून बॉक्स उघडला. आतलं बघायला मिळालं ते महत्त्वाचं, म्हणून सविस्तर.

भाता पिनांनी धरलेला असतो. पिना काढल्या की तो सुटतो आणि लाकडी ठोकळे दिसतात, त्यांवर मेणाने बसवलेल्या सुरांच्या पट्ट्या. पेटीत पितळेच्या पत्त्या पाहायची सवय, इथे अॅल्युमिनियमच्या पट्टीवर पोलादी पत्ती रिव्हेटने ठोकलेली. प्रत्येक पट्टीवर दोन पत्त्या, एक या बाजूला, एक त्या बाजूला. एक दाबाला बोलते, दुसरी ओढीला. जी बोलायची नाही तिच्यावर चामड्याची बारीक झडप असते, ती हवा अडवते. आमच्या सुराची झडप वळून उचलली गेली होती. काकांनी ती बदलली, पत्तीखालून पातळ कागद फिरवून धूळ काढली, आणि सूर स्वच्छ झाला. ‘रेडिएटरजवळ ठेवू नको, बंद करून त्याच्या खोक्यात ठेव, आणि रोज वाजव,’ एवढंच त्यांनी सांगितलं. मेण आणि चामडं दोन्हींना कोरडी उष्णता सोसत नाही.

आणखी एक गोष्ट तिथेच कळली. एका सुरासाठी पत्त्यांच्या दोन ओळी असतात आणि त्या मुद्दाम एकमेकींपासून किंचित सरकवून जुळवलेल्या असतात. त्यातून लहरणारा आवाज येतो. माझ्या पेटीच्या दोन नर ओळींत असा फरक असता तर मी ती लगेच जुळवायला पाठवली असती. इथे तो हवा असतो. जुने बॉक्स जास्त लहरतात. आता पुष्कळ वादक कमी लहर पसंत करतात, म्हणजे सूर कोरडा आणि नेमका राहतो. मला कमी लहर आवडते, आणि त्यात पेटीच्या कानाचा वाटा आहे.

१४ जानेवारी २०२५

अलंकार सुरू. ‘रोल’ म्हणजे एका लांब सुराच्या जागी पाच: सूर, वरचा, सूर, खालचा, सूर. डी चा रोल डी-ई-डी-सी शार्प-डी. सा रे सा नि सा. म्हणजे मुरकी, असं मी मनात म्हटलं, आणि हात लगेच तयार झाला.

पण बी-सी ची खरी गंमत दिशेत आहे. हा पूर्ण रोल एकाच ओढीत बसतो, कारण ई बाहेरच्या रांगेतून ओढीत घेता येतो. ए चा रोल ए-बी-ए-जी शार्प-ए, तोही पूर्ण ओढीत. डी ला षड्ज धरलं तर तो प ध प मं प होतो. तीव्र मध्यमाचा तो निसटता स्पर्श चालीच्या पट्टीत कुठेच नाही, तरी खटकत नाही, कारण तो ऐकू येण्याआधीच पंचम परत येतो. ई चा रोल पूर्ण दाबात, खालून डी शार्प, म्हणजे कोमल रिषभ. जी चा रोल अडचणीचा, कारण वरचा ए ओढीत आहे. तिथे ए ऐवजी बाहेरच्या रांगेतला दाबाचा बी घेतात आणि काम होतं.

भाता न उलटता अलंकार जमणं हे या रचनेचं देणं आहे. पॅडी ओब्रायन यांच्या शैलीला इतके रोल का साजतात, ते बोटांनी कळलं.

सावधगिरी: मुरकी म्हटल्यावर हात तिला आळवायला बघतो. इथे रोल हा तालाचा भाग आहे. पाच सुरांतले मधले दोन नुसते टिचकीसारखे, उंची जेमतेम कळावी इतकेच. आळवला की जिग लंगडते.

४ फेब्रुवारी

रील. कूलीज, जो कूलीच्या नावाने ओळखली जाणारी. षड्ज ई, म्हणजे पांढरी तीन. सूर ई, एफ शार्प, जी, ए, बी, सी शार्प, डी: सा रे ग॒ म प ध नि॒. काफी ठाठ. इथल्या कितीतरी चाली काफीच्या सुरांत आहेत, आणि डी वर कोमल निषाद घेणाऱ्या खमाजच्या सुरांतही. पेटीवाल्याला याचा मोठा फायदा होतो. इतर जण ज्याला ‘विचित्र सी’ म्हणतात, तो माझ्या कानाला सरळ कोमल निषाद लागतो. पट्टी शोधावी लागत नाही.

या रीलमध्ये ई आणि बी ची नुसती रेलचेल. सुरुवातच ई-बी-बी-ए. दोन्ही सूर दोन्ही दिशांना मिळतात, म्हणजे सुरुवात पूर्ण ओढीत होऊ शकते किंवा दाबात सुरू होऊन ए ला वळू शकते. मी दुसरी निवडली. ए वर दिशा बदलते आणि मागच्या ठोक्याला उचल मिळते. दुसऱ्या तुकड्यात एफ शार्प-डी-ए-डी: एक दाब, तीन ओढ. तिथे निवड नाही, वाद्यच ठेका देतं.

वर्गातल्या शेतकरी काकांनी त्याच जागी सुरुवात ओढीत ठेवली आहे. त्यांची रील सावकाश फिरते, माझी टोचत जाते. बाई म्हणाल्या, दोन्ही ठेवा.

१८ मार्च

काल सेंट पॅट्रिकचा दिवस. सकाळी मिरवणूक, संध्याकाळी सभागृहात सेट डान्स, म्हणजे जोड्यांनी चौकोनात करायचा नाच. क्लेअरचा कॅलेडोनियन सेट, त्यात बहुतेक रील. वाजवणारे अनुभवी होते. आमच्या वर्गाला एका फेरीत मागे बसून वाजवायला बोलावलं.

नाचणाऱ्यांचे पाय लाकडी जमिनीवर पडतात तेव्हा लय मेट्रोनोमवरून घ्यायची गरजच उरत नाही. जमीनच ठोका देते. घरी मी रील जितकी जलद नेली होती त्याहून हा ठोका बराच पुढे. तरी वाजवता आली, कारण दिशा पक्क्या होत्या. रोल मात्र निम्मे सोडून दिले आणि सरळ सूर वाजवले. शेजारच्या ज्येष्ठ वादकांनी मान डोलावून तेच करायला सांगितलं होतं: नाचाला उचल हवी, नक्षी नंतर.

ही आजवरची सगळ्यात महत्त्वाची संध्याकाळ. वर्गात ई दाबात का घ्यायचा, हे समजलं होतं. काल ते नाचणाऱ्यांच्या टाचांवर दिसलं.

८ एप्रिल

संच ठरला: पोल्का वगळून दोन जिग आणि त्यानंतर कूलीज. जिगमधून रीलमध्ये जाताना ठेका बदलतो, त्यामुळे तिथे एक सूर लांबवून नव्या लयीची तयारी करायची. सराव चालू.

१३ मे

वर्गातल्या मोठ्या मंडळींबरोबर पबमधल्या सेशनला गेलो. रीत लिहून ठेवतो, नव्याला उपयोगी पडेल.

गोल बसतात. जो सुरू करतो तो लय ठरवतो. चाल येत असेल तर वाजवायचं, नसेल तर ऐकायचं. चाचपडत सूर शोधायचे नाहीत. चाल बदलायच्या आधी सुरू करणारा नजरेने किंवा मानेने खूण करतो. दोन संचांच्या मध्ये निवांत गप्पा होतात आणि त्याही सेशनचाच भाग असतात. कुणी गायला लागलं की सगळे गप्प. नव्या माणसाला थोड्या वेळाने ‘तू काढ एखादी’ असं म्हणतात आणि तेव्हा आपल्या लयीत, न घाबरता काढायची.

मला म्हटलं, तेव्हा केश काढली. सगळ्यांनी साथ धरली. फिडलवाल्या मावशींनी माझ्या ई च्या धक्क्याला बरोबर गज उलटवला, आणि मी पुढच्या आवर्तनात तो धक्का जास्त स्पष्ट दिला. भजनात पखवाज आणि टाळ एकमेकांना जसं धरतात, तसं ते धरलं जाणं होतं.

२७ मे

वर्षअखेरचा कार्यक्रम. संच पूर्ण वाजवला. केशच्या दुसऱ्या भागात हवा कमी पडत होती, तिथे एका लांब जी वर अंगठ्याने भाता मिटवून घेतला. ध्वनिमुद्रण ऐकलं: ती जागा कळत नाही. जिगमधून रीलमध्ये जाणं सरळ झालं. कूलीजच्या दुसऱ्या आवर्तनात लय किंचित पुढे गेली, पण सगळ्यांची मिळून गेली.

उद्दिष्ट गाठलं. प्रकल्प बंद करत नाही.

८ जुलै

मिलटाऊन मॅलबे. एनिसपासून साधारण ३० किलोमीटर, समुद्राच्या बाजूला. विली क्लॅन्सी हे इथले पाइपर, म्हणजे बॅगपाइपच्या जातीचं आयरिश वाद्य वाजवणारे, १९७३ मध्ये वारले, आणि त्याच वर्षी त्यांच्या नावाने ही उन्हाळी शाळा सुरू झाली. दर जुलैच्या सुरुवातीचा हा आठवडा. सकाळी वर्ग, दुपारी व्याख्यानं आणि वादनं, आणि रात्रभर गावातल्या प्रत्येक दारात सेशन.

माझ्या वर्गातले शिक्षक सी शार्प-डी वाजवणारे. बी-सी वाले आम्ही अर्धे, ते अर्धे. एकच चाल दोन्ही पद्धतींत ऐकली. त्यांच्याकडे दिशा जवळजवळ दर सुराला बदलते, म्हणून ते उलट प्रश्न सोडवतात: कुठे न बदलता जोडून घ्यायचं. आम्ही तोडायला जागा शोधतो, ते सांधायला. शिक्षकांनी दोन्ही गटांना एकमेकांचे तुकडे आपापल्या बॉक्सवर, त्यांच्यासारखे ऐकू येतील असे वाजवायला लावले. बी-सी वर ठसका आणण्यासाठी मला प्रत्येक उपलब्ध दाब वापरावा लागला, आणि सुरांच्या मधे बोट जरा लवकर उचलून फट ठेवावी लागली. हे तंत्र नव्याने मिळालं. बोट उचलणं हाही एक प्रकारे भाताच.

१५ जुलै

पुढच्या वर्षाची आखणी.

भाड्याचा बॉक्स सप्टेंबरमध्ये परत. स्वतःचा घेणार, कमी लहरीचा, बी-सी च. लिमरिकच्या मराठी मित्रमंडळींतली एक मुलगी पेटी वाजवते, ती हा भाड्याचा बॉक्स पुढे घ्यायच्या विचारात आहे. तिला ई आणि बी च्या दिशांचा तक्ता सरगममध्ये लिहून दिला आहे, षड्ज पांढरी दोन आणि पांढरी पाच दोन्ही धरून.

बास आता हळूहळू सुरू करायचे, पण फक्त ठोक्यावर आणि फक्त जिथे दिशा जुळते तिथे.

एक संथ चाल घ्यायची. ठेका नसताना भाता कुठे उलटवायचा याला टेकू राहत नाही, आणि टोनी मॅकमाहन यांचं वादन ऐकताना लक्षात येतं की ते दिशा बदलतात तेव्हा सूर तुटत नाही, नुसता रंग बदलतो. ते कसं होतं हे बाईंना पहिल्याच मंगळवारी विचारायचं. तोवर रोज हवेच्या बटणावर कोरडा भाता.